बाळंतिणीच्या खोलीबाहेरचा तारा

खोलीला एकच खिडकी, आणि तीही भारतीच्या आईने, विमलबाईंनी, जुन्या गोधडीने ठासून बंद केलेली. बाजेखाली शेगडी, शेगडीत ओव्याची धुरी. कानांवर फडकं घट्ट बांधलेलं, त्यामुळे भारतीला बाहेरचं जग अर्धंच ऐकू यायचं. पण दिवेलागणीला वडिलांनी, सूर्यभानांनी, दारातून सांगितलेलं तिला पुरतं ऐकू आलं.

"पुण्याहून, भारतीच्या संस्थेतल्या योगेशचा फोन आला हुता, शेजारी लंकाबाईकडं. म्हनला, भारतीच्या प्रोग्रामला एक तारा घावलाय."

भारती उठून बसली.

पुण्यातल्या तिच्या संस्थेच्या गच्चीवर एक कॅमेरा होता. तो रोज रात्री आपला आपण आभाळाचे फोटो घ्यायचा, आणि भारतीने लिहिलेला प्रोग्राम ते फोटो जुन्यांशी ताडून पाहायचा. ती भडकणारे जोडतारे शोधत होती. एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे, इतके जवळ की एक दुसऱ्याचा वायू ओढून घेतो. तो वायू भोवती साचत जातो आणि एके दिवशी पेटून उठतो. आठवडाभरात सगळं विझतं. परत कधी पेटेल, कदाचित वर्षांनी. आजवर प्रोग्रामने पकडलेले सगळे कॅमेऱ्याचे डाग निघाले होते. हा डाग नाही हे ठरवायला कुणीतरी डोळ्यांनी पाहणं भाग होतं. फोटो तीन दिवसांपूर्वीचा, आणि तेव्हापासून पुण्यावर ढग. इथे भिंगारचं आभाळ मात्र लख्ख होतं. आज साध्या दुर्बिणीत तो दिसला असता. उद्या बहुधा नाही.

"आई, पाचच मिनिटं अंगणात जाते."

"जा की. माझ्या मढ्यावरून जा." विमलबाई उंबऱ्यात फतकल मारून बसल्या.

वाऱ्याने बाळंतिणीला काही होत नाही, हे भारती परत सांगू शकली असती. पण विमलबाईंचं पहिलं मूल दहाव्या दिवशी गेलं होतं, आणि त्या दिवशी त्या धुणं घेऊन ओढ्यावर गेल्या होत्या. त्यापुढे भारतीची एमएस्सी चालत नव्हती.

"मग दादा, तुम्ही बघा."

"मला चष्म्यातनं तुझं तोंड धड दिसंना," सूर्यभान म्हणाले. "तुझ्या आईला सांग. घार हाय ती."

भारतीने पिशवीतून आपली छोटी दुर्बीण काढली, आईला ती कशी धरायची ते दाखवलं, मृगातला तांबडा तारा कुठे ते सांगितलं.

"आन् काय करत्यात ते तुझे जोडतारे?"

"एक दुसऱ्याचं ओढून घेतो. सुटका कुणाचीच नाही."

"मग संसारच म्हन की," म्हणत विमलबाई अंगणात गेल्या.

भारतीने आतूनच विचारलं, "तांबडा सापडला?"

"सापडला."

"त्याच्या वर दोन बारके तारे. त्यांच्या बरोबर मध्ये तिसरा आहे?"

"हाय की! चांगला चमकतोय."

भारती बाजेवरून अर्धी उठली. पण लगेच तिच्या मनात आलं, बाळंतपणापासून आई आपल्याला कशालाच नाही म्हणालेली नाही, एवढं बाहेर जाणं सोडून. बाळंतिणीचं मन मोडलं की दूध आटतं, हे तिने शेजारणींनाही बजावलं होतं.

"आणि डावीकडे चौथा, निळा, ठळक?" तिथे काहीच नव्हतं. आभाळाचा तो तुकडा भारतीला पाठ होता.

"त्यो बी हाय."

सूर्यभान चपला घालून उभे होते. "मग दिसला म्हनून कळवतो. खोळंबला आसंल पोरगा."

एका होकारात तारा तिचा झाला असता. तिने डोळे मिटून घेतले.

"थांबा, दादा. आई, चौथा तारा तिथं नाहीच."

विमलबाई दारात आल्या. "मी खोटं बोलते व्हय?"

"मला बरं वाटावं म्हणून बोलतेस."

"मग काय, वाईट वाटावं म्हनून बोलू?"

दुर्बीण घेऊन त्या पुन्हा अंगणात गेल्या. बाळ जागं झालं, प्यायलं, झोपलं.

"न्हाई गं, बाई," शेवटी विमलबाई म्हणाल्या. आवाज पडलेला. "लई बारके हायत. मधी काय हाय का न्हाई, मला कळंना."

"काय सांगू मग?" सूर्यभानांनी विचारलं.

"कुणी पाहिला नाही म्हणा. डाग धर म्हणावं."

ते गेले. विमलबाईंनी शेगडीत निखारे सारखे केले.

"उद्या परत बघते. आज मान अवघडली."

"बघ," भारती म्हणाली.

विमलबाईंनी दार लावलं, आणि खालच्या फटीत फडकं कोंबलं.