अजून जरा जड

आमच्या घरात कधी कुणाला काही दुखलं नाही. सगळ्यांना सगळं जड व्हायचं. आईचं डोकं जड असायचं, बाबांची छाती जड झाली आणि त्यातच ते गेले. मी नवऱ्याला सोडून परत आले तेव्हाही आईने शेजारणीला एवढंच सांगितलं, की पोरीला सध्या दिवस जरा जड आहेत. तर अशा घरात वाढलेला माझा धाकटा भाऊ नवी पिशवी पाठीला लावून, पुढच्या खोलीत दोन फेऱ्या मारून म्हणाला, "ताई, जरा जड वाटतेय गं." मी म्हटलं, "आण इकडे."

मी तंबू शिवते. दिवसा कारखान्यात आणि उरलंसुरलं घरच्या मशीनवर. भाऊ बायकोसोबत पलीकडच्या गल्लीत राहतो, लिफ्ट दुरुस्त करतो आणि वर्षभर साठवलेली रजा वाळवंटात पळायला घालवतो. लोक सुट्टीत झोपतात, हे आमचं ध्यान वाळूत पळतं. शर्यत अनेक दिवसांची असते. पाणी तेवढं आयोजक देतात. बाकी जेवण, अंथरूण, शिट्टी, आरसा, विंचू चावला तर विष ओढायचा पंप, सगळं आपल्याच पाठीवर. मागच्या खेपेला तो शेवटून चौथा आला होता आणि पायांची नखं गमावूनही लग्नातल्यासारखा हसत होता. या वेळी त्याला पहिल्या निम्म्यांत यायचं होतं. त्यासाठी पिशवी हलकी हवी, आणि ती ताईने शिवायची. बाजारातल्या पिशव्यांना तो नाकं मुरडायचा.

त्याचा हलकेपणाचा हट्ट म्हणजे निव्वळ वेड. दात घासायच्या ब्रशचा दांडा त्याने करवतीने कापला. मी विचारलं, "दात तरी सगळे नेणार आहेस ना?" तो म्हणाला, "दोन दाढा ठेवून जाईन, सांभाळ." कपड्यांची लेबलं कापली, जेवणाची पाकिटं फोडून साध्या पिशव्यांत भरली, झोपायच्या पिशवीची चेन उसवून घेतली. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर पीठ मोजायची सोयच राहिली नाही. तिथे कायम त्याचा एखादा मोजा पडलेला असायचा.

मी पाठीवरच्या पिशवीची चेन काढून दोरी ओवली. पुन्हा जड. पाठीचा फोम काढला, त्या जागी त्याची झोपायची चटई घडी घालून बसेल असा खिसा केला. पुन्हा जड. मग मी चिडले आणि सगळी पिशवीच उसवून पॅराशूटच्या कापडाची नवी शिवली, इतकी पातळ की आतली शिट्टी बाहेरून दिसायची. त्याने ती लावली, दारापर्यंत गेला, चौकटीला धरून उभा राहिला.

"छान झालीय," तो म्हणाला. "पण अजून जरा..."

"जड," मी म्हटलं. "काय दगड भरतोस का रे आत?"

त्याच आठवड्यात त्याच्या हातून पाना सुटून लिफ्टच्या खड्ड्यात पडला. खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं. नवीन पाने फार जड आलेत, असं त्याने घरी सांगितलं. आणि आम्ही सगळ्यांनी मिळून पाने बनवणाऱ्याला शिव्या घातल्या.

भावजय एकदा माझ्या कारखान्यात आली. ती कधी येत नाही. तंबूंच्या गठ्ठ्यांमध्ये उभी राहून तिने मला नसांच्या डॉक्टरांचं सांगितलं. आधी हात-पाय, मग बोलणं, मग गिळणं, मग श्वास. औषध नाही. यातले रोगी खालावतच जातात, असं तिला डॉक्टरांनी तोंडावर सांगितलं होतं.

"त्याला माहीत आहे?"

"माझ्या आधीपासून, ताई."

"मग ही शर्यत कसली घेऊन बसलाय? मी आजपासून त्याची पिशवी शिवणार नाही."

"असं करू नका." तिने माझा हात धरला. "तुमच्याकडून आला की त्या रात्री झोपतो. म्हणतो, पिशवीतच काहीतरी चुकतंय, ताई काढेल."

मला तिचा राग आला, त्याचा आला, सगळ्यात जास्त त्या डॉक्टरांचा आला. पण मी शिवत राहिले. खिसे काढले. दुहेरी शिवण होती ती एकेरी केली. पट्टे अरुंद केले. शेवटी काढण्यासारखं काही उरलंच नाही.

परवा सकाळी तो आला तेव्हा पिशवी रिकामी होती. आत शिट्टीसुद्धा नव्हती. त्याने ती पाठीला लावली, पुढचं बक्कल कसंबसं अडकवलं, आणि भिंतीला हात लावत लावत खिडकीपर्यंत गेला. तिथून माझ्याकडे बघून म्हणाला, "अजून जरा जड आहे, ताई."

मी पाठमोरी झाले. रडताना मला कुणी पाहिलेलं आवडत नाही. "आण, काढते अजून," म्हटलं आणि त्याच्या अंगावरून पिशवी उतरवून आत नेली. मशीनवर बसले. दोरा काढून टाकला आणि नुसतीच सुई त्या पट्ट्यावरून चालवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत आणि परत. त्याला आवाज यावा म्हणून जोरात पाय मारले. मग तीच पिशवी तशीच्या तशी नेऊन त्याच्या पाठीला लावली आणि बक्कल अडकवलं.

तो खिडकीपर्यंत गेला नाही. जागीच उभा राहिला. आमचं लहानपण त्या मशीनच्या आवाजात गेलंय, हे मी विसरले होते.

"दोरा नव्हता ना गं?"

"नव्हता," मी म्हटलं.

त्याने मान हलवली. बराच वेळ तो बक्कलाशी खटपट करत राहिला. ते मीच शोधून आणलेलं, सगळ्यात छोटं, सगळ्यात हलकं. त्याची बोटं त्यावरून घसरत होती. मी हात पुढे केला नाही. त्याला आवडलं नसतं.

"जमत नाहीये मला, ताई," तो म्हणाला. आमच्या घरात हे वाक्य कुणी कधी बोललं नव्हतं. "काढ ना."

मी ते बक्कल उघडलं.