पाचव्या भागातला डबा

नटानं स्वतःचं काम स्वतः बघू नये, असं जयवंत घाडींचं ठाम मत होतं. औषध कंपनीत पॅकिंगची नोकरी करता करता त्यांनी जन्मभर कामगार नाट्यस्पर्धा गाजवल्या. कधी सावकार झाले, कधी मुलीचा बाप, आणि एकदा आयत्या वेळी बाई आली नाही म्हणून लुगडं नेसून मावशीसुद्धा झाले. पण आपण रंगमंचावर कसे दिसतो ते त्यांना ठाऊक नव्हतं. समोर अंधारात बसलेली माणसं हाच नटाचा आरसा, असं ते म्हणत. माणसं गप्प झाली की काम जमलं, खोकायला लागली की वाट लागली. हिशोब साधा होता आणि तो कधी चुकला नव्हता.

म्हणून निवृत्तीनंतर, अगदी ध्यानीमनी नसताना, त्यांना वेबसिरीजमध्ये काम मिळालं तेव्हाही त्यांनी हाच नेम पाळायचं ठरवलं. शिवाय नेम पाळायला दुसरंही कारण होतं. त्यांच्या मोबाईलवर जे रिचार्ज असे ते फक्त सिम जिवंत ठेवण्यापुरतं. त्यात फोन येत, फोन जात, पण डेटा इतका तुटपुंजा की कुणी लग्नाची पत्रिका पाठवली तरी अर्धी उघडून थांबायची. घरात खरा डेटा होता तो रत्नप्रभाबाईंच्या मोबाईलवर. रोजचा दीड जीबी. मुलुंडला राहणाऱ्या सर्वेशनं तो आईला भरून दिला होता, कारण संध्याकाळी नात जान्हवीचं तोंड बघितल्याशिवाय बाईंना जेवण जात नसे. सिरीजचं ॲपही सर्वेशनंच स्वतःच्या पासवर्डावर आईच्या मोबाईलमध्ये टाकून दिलं आणि म्हणाला, आता आरामात बघा.

काम तसं लहानच होतं. एक म्हातारा बाप लॉकअपमधल्या मुलासाठी डबा घेऊन पोलीस ठाण्यात येतो. मुलगा आदल्या दिवशीच मारला गेलाय, पण त्याला ते सांगायची कुणाची छाती होत नाही. हवालदार म्हणतो, बाबा, घरी जा. बाप म्हणतो, थांबतो. एवढंच. पण अंधेरीच्या स्टुडिओत त्या दिवशी जयवंतरावांनी लिहून दिलेलं वाक्य बाजूला ठेवलं आणि आपल्या आईचं वाक्य बोलून टाकलं. लहानपणी ती त्यांना वडलांचा डबा घेऊन गिरणीच्या गेटवर पाठवायची आणि पहारेकऱ्याला सांगायला शिकवायची तेच: "घाई नाय माका. डबो थंड झालो तरी चलात. तो थंडच जेवता." दिग्दर्शक पोरगेलासा होता, तो खुर्चीतून उठला. लाईटवाल्यानं डोळे पुसले. सेटवरच्या सामानवाल्यांनी दिलेला डबा जयवंतरावांना खोटा वाटला होता, म्हणून घरचाच नेला होता, तीन पुडांचा, बाजूला पोचा आलेला. आयुष्यात एवढं चांगलं काम आपल्या हातून झालं नव्हतं, हे त्यांना तिथंच कळलं. आता ते आपल्या माणसांनी पाहावं, एवढंच त्यांना हवं होतं. दुसरं काही नको होतं.

सिरीज आली त्या दिवशी त्यांनी बोरिवलीच्या आपल्या श्रमसाफल्य सोसायटीत मजल्यामजल्यावर पेढे वाटले आणि मग आरशाकडे तोंड करून बसले.

आरसा खूष होता. सर्वेशचा फोन आला. "बाबा, एकदम झकास. खरं सांगतो, रडलो." सोसायटीचे सेक्रेटरी कुंडलिकराव लिफ्टमध्ये भेटले, त्यांनी हात हातात घेतला आणि काही बोलूच शकत नसल्यासारखी मान हलवली. नाटकातला जुना सोबती भाऊ विरारहून फोन करून म्हणाला की अख्ख्या सिरीजमध्ये एकटा तूच नट, बाकी सगळी नुसती दाढी वाढवलेली पोरं. खालचा किराणावाला, वरच्या मजल्यावरची प्रियंका, सर्वेशचे सासरे, झाडून सगळ्यांनी पाहिलं होतं आणि सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुंडलिकरावांनी तर जाहीरच करून टाकलं की येत्या रविवारी सोसायटीच्या गच्चीवर जयवंतरावांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार.

पाहिलं नव्हतं फक्त रत्नप्रभाबाईंनी.

जयवंतराव रोज विचारत आणि बाई रोज म्हणत, डेटा संपला. दुपारी विचारलं तरी डेटा संपलेला. जान्हवीचा संध्याकाळचा व्हिडिओ कॉलसुद्धा बंद पडला. पोर तिकडे रुसून बसली, सर्वेशनं आईला विचारलं की एवढा डेटा जातो कुठे, आणि बाईंनी भजनाचे व्हिडिओ बघते म्हणून सांगितलं. ते ऐकून जयवंतरावांचं डोकंच फिरलं. गावभरच्या लोकांना वेळ मिळतो आणि जिच्या डब्यानं ही भूमिका उभी राहिली तिला टाळ कुटायला डेटा पुरतो? त्यांनी बोलणं टाकलं. चहा समोर आला की पेपर वर धरायचा, जेवताना ताटाकडे बघायचं. सदतीस वर्षांच्या संसारात माणूस अबोला धरायला चांगला शिकलेला असतो. बाईंनीही समजूत काढली नाही, आणि त्यामुळे ते आणखीच चिडले.

सत्काराच्या दोन दिवस आधी कुंडलिकराव दारात आले. गच्चीवर पडदा लावणार होते, त्यावर जयवंतरावांचा प्रसंग दाखवायचा होता. तेव्हा तो कुठल्या भागात आहे आणि साधारण कुठे येतो, तेवढं सांगा म्हणाले.

"तुम्ही पाहिलंय ना?" जयवंतरावांनी विचारलं.

कुंडलिकराव म्हणाले, पाहिलंय तर, पण भाग लक्षात राहिला नाही, वयाप्रमाणे होतं असं. कुंडलिकराव पंचेचाळिशीचे होते. जयवंतरावांनी सर्वेशला फोन लावला. तो मिटिंगमध्ये होता, म्हणाला पाचवा असेल, नाहीतर सहावा, मधे कुठेतरी आहे. भाऊनं सांगितलं अगदी सुरुवातीलाच. तिघांची तीन उत्तरं झाली. पण माणूस मनाची समजूत घालण्यात भारी हुशार. ते म्हणाले, असू दे, आपणच शोधू. नेम मोडेल, एवढंच.

रत्नप्रभाबाई मोबाईल चार्जिंगला लावून बँकेत पासबुक भरायला गेल्या होत्या. जयवंतरावांनी चष्मा लावला आणि ॲप उघडलं. आधी नावांच्या चौकटी आल्या. एक 'सर्वेश', एक 'आई'. त्यांनी आईवर बोट ठेवलं आणि सिरीज समोरच आली. प्रत्येक भागाखाली लाल रेघ होती, जेवढं बघून झालं तेवढी भरलेली. आठही भागांच्या रेघा शेवटपर्यंत गेलेल्या होत्या, फक्त पाचव्या भागाची मधेच थांबली होती, जणू तो पुन्हा लावला होता आणि पुन्हा तिथेच सोडला होता.

म्हणजे हिनं पाहिलंय. सगळं पाहिलंय, आणि वर तोंडावर खोटं बोलते. जयवंतरावांना इतका राग आला की त्यांनी चार्जरची वायर उपटूनच काढली. सगळं जग कौतुक करतं आणि घरच्या माणसाला एक बरा शब्द काढवत नाही, इतकं वाईट झालं होतं का काम?

त्यांनी पाचवा भाग लावला. गोल चक्र फिरत राहिलं, चित्र फुटलं, जुळलं, आणि मधेच आजचा डेटा नव्वद टक्के संपल्याचा मेसेज आला. मग ते तसेच पायात चपला सरकवून खाली गेले आणि कोपऱ्यावरच्या दुकानातून बाईंच्या नंबरवर जादा डेटा मारून घेतला. दुकानातल्या पोरीनं विचारलं, काका, मॅच का? ते म्हणाले, नाही, काम आहे.

पोलीस ठाणं आलं. तीच भिंत, तोच पंखा. हवालदार आत आला आणि इन्स्पेक्टरशी बोलायला लागला. त्याच्या मागे बाकडं होतं. बाकड्यावर डबा होता. तीन पुडांचा, पोचा आलेला. कॅमेरा त्याच्यावरून डोळ्याचं पातं लवावं तसा सरकला आणि इन्स्पेक्टर जीपमध्ये बसला. पुढच्या प्रसंगात नायिका फोनवर रडत होती.

जयवंतरावांनी मागे नेऊन पाहिलं. मग पुन्हा पाहिलं. डबा होता. डबा घेऊन आलेला माणूस नव्हता. त्याचं वाक्य नव्हतं, आवाज नव्हता, बाकड्याच्या कडेला नुसतं कोपर दिसत होतं आणि तेही त्यांचंच असेल याची खात्री देता येत नव्हती. कुठल्यातरी थंड खोलीत बसून कुणीतरी त्यांना कापून टाकलं होतं, आणि कापल्याचं कळवण्याइतकी त्यांची किंमत नव्हती. चुकून भलत्या भागात टाकलं असेल म्हणून त्यांनी बाकीचेही भाग पळवत पाहिले. कुठेच नव्हतं.

मग त्यांनी ती गोष्ट केली जी केली नसती तर बरं झालं असतं. ते मागे गेले आणि 'सर्वेश' या चौकटीवर बोट ठेवलं. तिथे कुस्ती होती, एका विनोदी कार्यक्रमाचे ढीगभर भाग होते, जान्हवीची कार्टून्स होती. बापाची सिरीज नव्हती. एका मिनिटाचीही लाल रेघ नव्हती.

बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, आणि हे आठवडाभर बोटं चाटत बसले होते! सर्वेश रडला होता. प्रियंका रडली होती. जे पडद्यावर नव्हतंच ते पाहून अख्खी बोरिवली रडली होती. अपमान कापल्याचा होताच, पण तो परक्यांनी केलेला होता. परक्यांचं काय, ते कापतातच. आपल्या माणसांनी मात्र डोळ्यांत पाणी आणायला पाहायचीसुद्धा गरज ठेवली नव्हती, हे जयवंतरावांना जास्त लागलं.

रत्नप्रभाबाई परत आल्या तेव्हा मोबाईल जयवंतरावांच्या हातातच होता. बाईंनी ते पाहिलं आणि पिशवी खाली ठेवून समोर बसल्या.

"डबो दिसलो," जयवंतराव म्हणाले. अबोला धरल्यानंतरचं पहिलं वाक्य.

"होय."

"सांगूचा हुता माका."

"कसा सांगू? तुमी सगळ्यांक पेढे वाटून इल्लात." बाईंनी पिशवीतलं पासबुक काढून बाजूला ठेवलं. "नि सगळे सांगत हुते, बघला म्हणान. माका वाटला, माझीच नजर चुकली. सगळ्यांका तुमी दिसलात नि माकाच कशे दिसलात नाय? म्हणान परत बघलंय. रोज बघलंय."

दीड जीबी रोज. नातीचं तोंड न बघता बाईंनी तो सगळा नवऱ्याला शोधण्यात घालवला होता, आणि वरून त्याचा अबोला सोसला होता.  जयवंतरावांनी उठून स्वतः चहा ठेवला, तो उतू गेला, आणि बाईंनी ओटा पुसला.

सत्कार रद्द करा असं बाईंचं म्हणणं पडलं. पण फलक छापून गेटवर लागला होता, 'सुप्रसिद्ध वेबसिरीज कलाकार', आणि सर्वेश सासरच्या मंडळींना घेऊन यायचा होता. जयवंतराव म्हणाले, मी तिथेच सांगतो, सगळ्यांसमोर. कुंडलिकरावांना त्यांनी फक्त एवढंच कळवलं की मोठ्या पडद्यावर ते ॲप चालत नाही. कुंडलिकरावांचा जीव भांड्यात पडला. मग जयवंतराव, तुम्ही प्रत्यक्षच करून दाखवा ना, ते म्हणाले.

रविवारी संध्याकाळी गच्ची भरली. शाल झाली, नारळ झाला. कुंडलिकराव भाषणात म्हणाले की तो प्रसंग पाहिल्यावर त्यांना रात्रभर झोप लागली नाही, आणि टाळ्या पडल्या. सर्वेश पहिल्या रांगेत जान्हवीला मांडीवर घेऊन अभिमानानं इकडेतिकडे बघत होता. रत्नप्रभाबाई त्याच्या शेजारी होत्या. त्यांच्या मांडीवर तो डबा होता. सांगावं न लागता त्यांनी तो आणला होता.

जयवंतरावांनी माईक हातात घेतला. "मंडळी," ते म्हणाले, "तुम्ही सगळ्यांनी माझं काम पाहिलंत." आणि थांबले. पुढचं वाक्य तयार होतं, घरी चार वेळा म्हणून झालं होतं. समोर सगळी माणसं गप्प होती, खोकत नव्हती. एवढी गप्प माणसं त्यांच्यासमोर पुन्हा कधी बसणार होती? त्यांनी माईक खाली ठेवला, पुढे होऊन बायकोच्या मांडीवरचा डबा उचलला आणि खुर्चीच्या कडेला अंग चोरून बसले.

"घाई नाय माका," ते म्हणाले.

तेवढ्यात मोबाईल वर झाले. एकापाठोपाठ एक, मागच्या रांगेपर्यंत. चेहरे दिसेनात, नुसते उजेडाचे ठिपके दिसायला लागले. त्या सगळ्यांत मोबाईल नसलेला चेहरा एकच होता. जयवंतरावांनी त्याच्याकडे बघून पुढचं वाक्य म्हटलं आणि डब्यावरून हात फिरवला. स्टुडिओत झालं होतं त्याहून ते काम चांगलं झालं, आणि ते झालंय हे त्यांना कळलंही.

टाळ्या थांबल्यावर सर्वेश पुढे आला. त्याचे डोळे खरोखरच ओले होते. तो बापाला मिठी मारून म्हणाला, "बाबा, काय केलंत यार! सिरीजमध्ये आहे ना, अगदी तस्संच. सेम टू सेम."

जयवंतरावांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. पोरगं वाईट नव्हतं. आपण खोटं बोलतोय हेसुद्धा ते आता विसरून गेलं होतं.

"आवडलं ना?"

"म्हणजे काय! पूर्ण शूट केलंय मी. थांबा, आत्ताच पाठवतो तुम्हाला, बघा कसं आलंय."

"माझ्यात डेटा नाही रे," जयवंतराव म्हणाले. खांद्यावरून घसरलेली शाल त्यांनी काढली, घडी करून डब्याखाली धरली. "आईच्या मोबाईलवर पाठव. ती शेवटपर्यंत बघते."