पेंडीच्या माथी

देवासच्या त्या तेलगिरणीत सोयाबीन एकच, पण धनी दोन. तेल प्रतापरावांचं, पेंड त्यांच्या वारलेल्या भावाच्या बायकोची, पार्वतीबाईंची. खरेदीचा आणि गाळपाचा खर्च दोघांत वाटून देण्याचं काम हिशेबनीस अल्पनाचं. आधी ती विक्रीच्या किमतीप्रमाणे वाटत असे, म्हणजे स्वस्त पेंडीला झेपेल तेवढाच भार यायचा.

गेल्या वर्षी प्रतापरावांनी तिला बोलावून वजनाप्रमाणे वाटायला सांगितलं. तेल थोडं निघतं, पेंड त्याच्या चौपट; म्हणजे खर्चही चौपट पेंडीवर. पेंड तोट्यात जाणार आणि वहिनी कंटाळून हिस्सा सोडणार, हे अल्पनाला तिथल्या तिथे कळलं.

"नियमात बसतं ना?" त्यांनी विचारलं.

"बसतं," ती म्हणाली, आणि पुढे काही बोलली नाही. पार्वतीबाईंना पद्धत बदलल्याचं कुणी सांगितलंच नाही.

तोटा दिसू लागल्यावर बाई सकाळपासून गोदामात येऊन उभ्या राहू लागल्या. माल जातो कुठे, हेच त्यांना उमगेना. शेवटी संशय गणपतवर गेला. नवऱ्याच्या वेळेपासून गोदाम सांभाळणाऱ्या त्या माणसाला त्यांनी हमालांसमोर चोर म्हटलं. त्याने किल्ल्या ठेवल्या आणि तो धरमपुरीला, आपल्या गावी निघून गेला. अल्पनाने हे खिडकीतून पाहिलं. तेव्हाही ती गप्पच राहिली.

मग एका दुपारी पार्वतीबाई तिच्या खोलीत आल्या. हिस्सा दिरांना लिहून द्यायचं त्यांनी ठरवलं होतं. "मलाच नाही जमलं गं," त्या म्हणाल्या. "तुलाही माझ्यापायी त्रास झाला. मनावर घेऊ नकोस."

अल्पनाला मान वर करवेना. माफी मागत होत्या त्या, आणि तीही हिची! तिने दार लोटलं आणि सगळं सांगून टाकलं. जुन्या पद्धतीने पाहिलं तर पेंड आजही नफ्यात होती.

पार्वतीबाई खिडकीपाशी गेल्या. मग म्हणाल्या, "गणपतला मी चोर म्हटलं, तेव्हा तू इथेच होतीस."

"होते, काकू."

हिस्सा त्यांनी सोडला नाही. अल्पनाची नोकरी गेली. त्याचं तिला फारसं वाटलं नाही. दोघी धरमपुरीला गेल्या. नर्मदेच्या घाटावर गणपत नावेत पोती चढवत होता. बाईंनी हात जोडले, अल्पनाने आपली करणी सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतलं, दोघींना चहा पाजला. "वैनीसाहेब, हे त्या हमालांना सांगा," तो म्हणाला. "मी चोर नाही, हे मला ठाऊकच होतं." परत यायला मात्र तो तयार झाला नाही.

दुसऱ्या दिवशी पार्वतीबाईंनी गोदामात हमालांना गोळा केलं आणि आपला शब्द मागे घेतला. मग अल्पना पुढे झाली. चोरी झालीच नव्हती, तोटा मी खर्च तसा लावल्यामुळे दिसत होता, असं तिने सांगितलं.

एका म्हाताऱ्या हमालाने विचारलं, "दीदी, आपको पता था?"

"पता था," ती म्हणाली.

त्याने खांद्यावरचा पंचा झटकला आणि तो पोत्यांकडे वळला. बाकीचेही त्याच्यामागून गेले. जाताना तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.