बाबांचं बोलणं

माझे बाबा, एइलिफ, आयुष्यभर खाडीतल्या फेरीबोटीवर कप्तान होते. मागच्या शरदात त्यांना पक्षाघाताचा झटका आला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. तोंडातून नुसता घोगरा आवाज निघायचा. माझी आई, गुनवोर, तर त्याच्या कितीतरी आधीपासून कानातल्या यंत्रांवरच अवलंबून होती.

त्या हिवाळ्यात तिला नवी यंत्रं मिळाली. तुटकं बोलणं ती जोडून देतात, एवढंच तिला सांगितलं होतं. त्यासाठी बाबांचा जुना आवाज यंत्रांना ऐकवायचा होता, सुट्टीतल्या चित्रफिती, फोनवरचे निरोप, जे मिळेल ते. थोड्याच दिवसांत तिने मला फोन करून सांगितलं की बाबांचं सगळं बोलणं लख्ख ऐकू येतंय. ती इतकी आनंदात होती की मला रडू आलं.

ईस्टरला मी बर्गन शहरातून घरी गेले. जेवताना बाबांनी घशातून काहीतरी आवाज काढला आणि आई खळखळून हसली. मी विचारलं, काय म्हणाले?

"सिल्ये, तुला म्हणतायत, बर्गनला राहून माशातले काटे काढायला विसरलीस वाटतं."

असली थट्टा बाबा नेहमीच करायचे, म्हणून मीही हसले. बाबा मात्र हसत नव्हते. ते माझ्याकडे एकटक बघत होते आणि मान हळूहळू नाही-नाही अशी हलवत होते. माझा घास हातातच राहिला.

आईच्या कानात पडणारे शब्द तिच्या फोनवर लिहूनही दिसायचे. ती भांडी घासायला गेली तेव्हा मी तो फोन घेऊन बाबांसमोर बसले. त्यांनी घोगरा आवाज काढला. पडद्यावर उमटलं, 'आज वारा पडलाय.' मग ते गप्प झाले, ओठ घट्ट मिटून. तरी अक्षरं येतच राहिली. 'सिल्येला कॉफी दे. मी बरा आहे, गुनवोर.'

खोलीत चिटपाखराचा आवाज नव्हता. आतून आई म्हणाली, "हो हो, देते."

तेवढ्यात माझं लक्ष बाबांच्या डाव्या मुठीकडे गेलं. ती छातीवर दाबलेली होती आणि कपाळावर घाम डवरला होता. दुखतंय का, असं विचारताच त्यांनी डोळे गच्च मिटले, डोळ्यांतून पाणी आलं. पडद्यावर पुन्हा तेच, 'मी बरा आहे.'

मी रुग्णवाहिका बोलावली. आई ओल्या हातांनी बाहेर आली आणि चिडली.

"कशाला उगाच घाबरवतेस त्यांना? बरे आहेत म्हणतायत ना."

"आई, ते काहीच म्हणत नाहीयेत."

मलाच काही झालंय की काय, अशा नजरेने ती माझ्याकडे बघत राहिली. मी पुढे होऊन तिच्या कानांतली दोन्ही यंत्रं ओढून काढली. मग ती बाबांकडे वळली आणि बऱ्याच महिन्यांनी नुसता त्यांचा चेहरा बघत उभी राहिली. हळूच खुर्चीचा आधार घेऊन ती खाली बसली.

हृदयाचं दुखणं होतं. डॉक्टर म्हणाले, बरेच आठवडे छातीत कळा येत असणार. बाबा वाचले. यंत्रवाल्यांना मी फोन केला, तर त्यांनी शांतपणे सांगितलं की बिघाड काहीच नाही, माणूस बहुधा काय म्हणेल ते यंत्र अंदाजाने ओळखतं आणि तेच ऐकवतं. आणि माझे बाबा तर जन्मभर, ताप असो की वादळ, 'मी बरा आहे' एवढंच म्हणत आले होते.

इस्पितळात बाबांना मुळाक्षरांची पाटी दिली. डाव्या बोटाने ते एकेक अक्षर दाखवत आणि आई जोडून वाचत असे. पहिलं वाक्य पुरं व्हायला फार वेळ लागला.

'इतके दिवस तू कोणाशी बोलत होतीस?'

आईने ते मोठ्याने वाचलं आणि मग पाटी हळूच पालथी ठेवली.