एका दिवसाची गाडी

नानाजी निखाऱ्यांनी रंगीत माहितीपत्रक मिटलं आणि टेबलावरून चिन्मयीकडे सरकवलं. त्यातला निळा समुद्र, पांढरी घरं, टेकडीवरचे पडके खांब यांतलं काहीच त्यांनी नीट पाहिलं नव्हतं.

चिन्मयी धरमपेठेतल्या त्या टूर कंपनीत क्रूझचं काम पाहायची. तिने पुन्हा एकदा समजावून सांगितलं. जहाज ज्या बंदराला लागेल तिथे बस तयार असते, सोबत गाइड असतो, सगळं पॅकेजमध्येच येतं. स्वतःपुरती गाडी करायची तर तिचे पैसे वेगळे, तेही आधी भरायचे. शिवाय जहाजाची बस उशिरा आली तर जहाज थांबतं, खासगी गाडीसाठी कोणी थांबत नाही. नागपूरची एवढी मंडळी सोबत आहेत, ती सगळी बसनेच जाणार. मग काका-काकूंनीच वेगळं कशाला जायचं?

"बाकी गावाले आम्ही बसनंच जाऊ," नानाजी म्हणाले. "फक्त ग्रीसच्या त्या एका बंदरावर गाडी पाहिजे. हिंदी समजणारा माणूस असला तं बरं."

"तिथे काय काय पाहायचंय ते सांगा काका. तसा रूट बनवून घेते."

नानाजींनी शेजारी बसलेल्या बायकोकडे, गोदूबाईंकडे पाहिलं. त्या मांडीवरच्या पिशवीचे बंद सारखे करत होत्या.

"कब्रस्तान," नानाजी म्हणाले.

चिन्मयीची बोटं कीबोर्डवर थांबली. मग तिने खुर्ची थोडी पुढे ओढली आणि हळू आवाजात त्या गावाचं नाव विचारलं.

वैभव हा नानाजींचा मुलगा, दोन लेकरांतला धाकटा. तांडापेठेतल्या निखाऱ्यांच्या घरात आजोबांपर्यंत मागाची खटखट होती. नानाजींच्या वेळी माग बंद पडला आणि ते मौद्याच्या वीज प्रकल्पात स्टोअरला लागले. वैभवने हॉटेलचा कोर्स केला आणि एका मोठ्या प्रवासी जहाजाच्या स्वयंपाकघरात नोकरी धरली. समुद्र पाहिलेला घरातला पहिला माणूस तोच. फोनवरून तो आईला भल्यामोठ्या कढया दाखवायचा, कांद्याचे ढीग दाखवायचा, आणि ती म्हणायची की एवढा कांदा चिरायला तुला एकट्यालाच ठेवलंय की काय.

लॉकडाऊन लागला त्या उन्हाळ्यात त्याचं जहाज ग्रीसच्या एका बंदरात अडकून पडलं. त्याच्या पोटात दुखायला लागलं, किनाऱ्यावरच्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन केलं, आणि तो गेला. विमानं बंद होती. जहाज कंपनीच्या माणसाने फोनवर हिंदीत सगळं नीट सांगितलं. मृतदेह पाठवता येत नाही, त्या गावात दहनाची सोय नाही, म्हणून तिथल्या दफनभूमीत रीतसर मूठमाती दिली आहे. जागेचा नंबरही त्याने दिला. गोदूबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "म्हणजे जाळलं नाही?"

घरी कणकेचा पुतळा करून चार माणसांत विधी उरकला. पण गोदूबाईंच्या लेखी काहीच झालं नव्हतं. सासऱ्यांच्या, दिरांच्या अस्थी रामटेकला अंबाळा तलावाच्या पाण्यात सोडताना त्यांनी पाहिल्या होत्या. आपल्या पोराचं मात्र त्या पाण्यात काहीच गेलं नाही, हे त्या कोणापाशी बोलल्या नाहीत, पण अंबाळ्याला जाणंच त्यांनी सोडलं. कंपनीकडून आलेले पैसे बँकेत तसेच पडून राहिले. एक दिवस भाजी निवडताना त्या म्हणाल्या, "आपण जाऊ. तो गेला तसंच, जहाजानं. तिथली चिमूटभर माती आणू अन् अंबाळ्यात सोडू." उमरेडला दिलेली मुलगी काजल नको म्हणाली, रडली, आणि शेवटी तिनेच चिन्मयीचा नंबर शोधून दिला.

जहाजावर नानाजींचं मन लागलं नाही. सोबतची मंडळी चांगली होती. इतवारीतले एक व्यापारी आणि त्यांची बायको तर रोज जेवायला बोलवायचे. पण ही माणसं काय काय पाहिलं ते मोजत बसायची आणि नानाजींना प्रत्येक वेळी हसून मान डोलवावी लागायची. गोदूबाई जेवायच्या कमी आणि वाढणाऱ्या पोरांकडे पाहायच्या जास्त. एकदा त्यांनी स्वयंपाकघर पाहायला मिळेल का म्हणून विचारलं. प्रवाशांना खाली सोडत नाहीत, असं कळल्यावर पुन्हा विषय काढला नाही.

त्या बंदरावर सकाळी सगळी मंडळी टोप्या घालून बसकडे गेली. व्यापाऱ्याच्या बायकोने जाता जाता टोमणा मारलाच की निखारे साहेबांचं काही खास दिसतं. नानाजी हसले. फाटकाबाहेर एक सरदारजी त्यांच्या नावाची पाटी धरून उभे होते. मूळचे जालंधरकडचे, वर्षानुवर्षं तिथेच राहिलेले, तिथली भाषा घरच्यासारखी बोलणारे. कुठे जायचंय ते त्यांना आधीच कळवलेलं होतं. त्यांनी गोदूबाईंना वाकून नमस्कार केला, गाडीचं दार उघडलं, आणि वाटेत एका दुकानापाशी न सांगता थांबून पांढरी फुलं घेऊन दिली.

दफनभूमी शहराच्या वर, उतारावर होती. संगमरवरी चौथऱ्यांच्या ओळी, उंच काळपट झाडं, खाली समुद्र. नानाजींना तो नंबर पाठ होता. सरदारजी पुढे, मागे हे दोघं, असे ओळी मोजत ते वरच्या टोकाला गेले. तिथे संगमरवर नव्हता, नुसते मातीचे उंचवटे आणि लाकडी क्रूस होते. नंबराची लहानशी पाटी सापडली. गोदूबाई लगेच खाली बसल्या. नुकतंच जेवून झोपलेल्या माणसाशेजारी बसावं तशा, आवाज न करता.

सरदारजींनी क्रूसवरची अक्षरं वाचली आणि नानाजींच्या कोपराला हलकेच हात लावला.

"भाईसाहब, ज़रा ऑफिस तक चलेंगे?"

नानाजींनीही क्रूस पाहिला होता. अक्षरं त्यांना कळली नव्हती, पण खालचे आकडे कळले होते. एकोणीसशे अडतीस, आणि पुढे दोन हजार चोवीस. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मातीतलं गवत उपटत होती. तिचा चष्मा पिशवीतच होता, हे पाहून त्यांच्या जिवाला थोडं बरं वाटलं.

ऑफिसात एका बाईने मोठ्या पडद्यावर काहीतरी शोधलं आणि बराच वेळ सरदारजींशी बोलली. तिच्या चेहऱ्यावर कंटाळा नव्हता, ते पाहून नानाजींना अधिकच भीती वाटली. बाहेर येऊन सरदारजींनी सांगितलं. इथे जमीन कमी. जागा तीन वर्षांपुरती मिळते, इथल्या लोकांनाही तशीच. मग अस्थी काढतात. घरचं कोणी आलं तर पेटीत घालून देतात. कंपनीच्या पत्त्यावर कळवलं होतं, पण कोणी आलं नाही.

"मंग?" नानाजींनी विचारलं, आणि मग हिंदीत, "फिर कहाँ?"

सरदारजींनी मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. भिंतीला लागून एक बुटकी खोली होती, दाराविना. आत सिमेंटच्या जमिनीत एक लोखंडी झाकण होतं. दोघं तिथे उभे राहिले.

"सब एक साथ?"

"हाँ जी। सब एक साथ।"

नानाजी गुडघ्यांवर बसले. झाकण सावलीत असल्यामुळे गार होतं. त्यांनी त्यावर तळहात टेकवला आणि बसून राहिले. शेवटी सरदारजींनी त्यांना धरून उठवलं. परत येताना नानाजींनी एकच गोष्ट विचारली. त्या क्रूसवर कोणाचं नाव आहे? सरदारजी म्हणाले, कातेरिना. बूढ़ी माँ थी।

गोदूबाईंनी तोवर उंचवटा साफ केला होता. डोक्याच्या बाजूला फुलं ठेवली होती, बाटलीतलं पाणी चारही कडांनी शिंपडलं होतं. नानाजींना येताना पाहून त्यांनी पिशवीतून एक धुतलेला रुमाल काढला.

"माती घेऊ ना?"

सांगायची वेळ तीच होती. नानाजींनी तोंड उघडलं. बायकोच्या नखांत माती होती आणि कितीतरी वर्षांनी तिचा चेहरा सैल पडल्यासारखा दिसत होता.

"घे," ते म्हणाले.

उरलेला सगळा प्रवास त्या रुमालाची गाठ नानाजींच्या डोळ्यांसमोर राहिली. पुढच्या बंदरांवर ते बसने गेले, राजवाडे पाहिले, फोटोत उभे राहिले. रात्री बायको शांत झोपायची आणि ते जागे असायचे.

नागपूरला आल्यावर रुमाल देवघराच्या फळीवर ठेवला गेला. शेजारपाजारच्या बाया येऊन पाया पडून जायच्या. पोराची भेट झाली म्हणायच्या आणि गोदूबाई "हो" म्हणायच्या. नानाजी तेवढ्यात उठून अंगणात जायचे. एकदा त्यांनी ठरवलंच, आज सांगायचं. गोदूबाई स्वयंपाक करत होत्या, काजल यायची होती. ते दारात जाऊन उभे राहिले.

"काहून उभे आहात?" गोदूबाईंनी विचारलं.

"काही नाही."

त्यांनी एकवार नवऱ्याकडे पाहिलं आणि पाट पुढे सरकवला. नानाजी बसले, जेवले, आणि बोलायचं राहूनच गेलं. सांगून काय साधणार, असं ते स्वतःला समजावत. तिला पोरगं मिळालंय, ते तिच्यापाशी राहू द्यावं. पण मग परक्या बाईची माती पोराची म्हणून तीर्थात सोडायची, तीही आपल्या डोळ्यांदेखत, या विचाराने ते अर्ध्या ताटावरून उठायचे. पोर तिकडे लोखंडाखाली आणि इकडे त्याच्या नावाने हे. कधी कधी त्यांना बायकोचा रागही यायचा. ती इतक्या सहज कशी झोपते म्हणून.

काजलने दिवस ठरवला आणि गाडी सांगितली. मनसरच्या पुढे वळल्यावर रामटेकचा गड दिसला तशी गोदूबाईंनी हात जोडले. रुमाल त्यांच्या मांडीवर होता. अंबाळ्यावर त्या सकाळी गर्दी नव्हती. पाणी हिरवट, संथ होतं, घाटाच्या पायऱ्यांवर शेवाळ होतं. काजल सामान काढायला गाडीपाशी थांबली. हे दोघं गुरुजींच्या मागे खाली उतरले आणि शेवटच्या कोरड्या पायरीवर बसले.

गुरुजींनी दर्भ ठेवले, पळीत पाणी घेतलं आणि विचारलं, "कोणाच्या नावानं?"

"वैभव," नानाजी म्हणाले. "वैभव नानाजी निखारे."

"थांबा महाराज," गोदूबाई म्हणाल्या.

त्यांनी रुमालाची गाठ सोडली. माती वाळून फिकट झाली होती.

"ही माती त्याची नाही. ही दुसऱ्या कोणाची हाये. जुन्या माणसाची." मग नानाजींकडे न पाहता त्यांनी विचारलं, "बाई होती का माणूस?"

नानाजींना तिचा पिशवीतला चष्मा आठवला. तिला चष्मा लागायचा तो सुईत दोरा ओवायला. क्रूसवरचे आकडे हाताच्या पंजाएवढे होते.

"बाई," ते म्हणाले.

"नाव मालूम हाये?"

"कातेरिना."

"मले तिथंच समजलं होतं. तुमी सांगान, तुमी सांगान म्हणून वाट पाहून राहिली होती." त्यांचा आवाज चढला नाही. "मंग वाटलं, नसन सांगता येत."

गुरुजी दोघांकडे आळीपाळीने पाहत राहिले. शेवटी त्यांनी गोत्र विचारलं.

"आमचंच लावा," गोदूबाई म्हणाल्या.

गुरुजींनी अडखळत कातेरिनाचं नाव उच्चारलं, पुन्हा एकदा नीट उच्चारलं. गोदूबाईंनी माती ओंजळीत घेतली, पाण्यावर धरली आणि बोटं उघडली. माती थोडा वेळ वर तरंगली, मग ओली होऊन खाली गेली. त्यांनी रुमाल पाण्यात खळबळून पिळला आणि पायरीवर वाळत घातला.

"तुमी त्या मांगच्या भिंतीकडं गेलते, मले वरून दिसलं," त्या म्हणाल्या. "तिथं हाये ना तो?"

नानाजींनी मान डोलावली.

"हात लावला होता?"

"लावला."

"कोणता?"

नानाजींनी उजवा हात उचलून दाखवला. गोदूबाईंनी तो हात मनगटाशी धरला, दोघं मिळून एक पायरी खाली सरकले, आणि त्यांनी तो हात कोपरापर्यंत अंबाळ्याच्या पाण्यात नेला आणि तसाच धरून ठेवला.

"आता घ्या महाराज," त्या गुरुजींना म्हणाल्या, "वैभवचं नाव."