उजवीकडची बटणं

खोटं बोललात साहेब तुम्ही. आणि ते खोटं या बटणाला ठाऊक आहे – करंगळीच्या नखाएवढं, काळं, टेपरेकॉर्डरच्या इक्वलायझरच्या रांगेत सगळ्यांत उजवीकडचं, ज्यावरची पांढरी रेघ एका माणसाच्या अंगठ्यानं घासून घासून पार पुसून टाकली आहे. डावीकडची, भरड आवाजाची बटणं मध्यावर धूळ खात पडलेली. उजवीकडची, बारीक आवाजाची, दर वर्षी थोडी थोडी वर सरकत आता काठाला टेकलेली. त्यापुढे जागाच नाही.

धूळ पुसता पुसता तिचा हात तिथेच थांबला. नवरा गच्चीवर कपडे वाळत घालायला गेला होता, टेप चालूच ठेवून – तीच, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. नवा सेट घरात आला त्या दिवशी त्यानं माइक तिच्या तोंडासमोर धरला होता, "बोल ना काहीतरी," आणि काही सुचेना म्हणून तिनं साबणाच्या पुड्यावरची माहितीच वाचून दाखवली होती... रंगीत कपडे वेगळे भिजवा, जास्त वेळ ठेवू नका... मध्येच फुटलेलं हसू, "पुरे हो, बंद करा आता." साबणाचा पुडा! आणि हा माणूस रोज दुपारी ते डोळे मिटून ऐकतो, देवळात बसल्यासारखा.

"बघ, तेव्हा कशी सुटं सुटं बोलायचीस," कालच म्हणाला. "हल्ली नुसती पुटपुटतेस."

"मी पुटपुटत नाही! कान दाखवा एकदा कुणाला तरी."

"कानाला काय धाड भरलीय? ठणठणीत आहेत. कारखान्याच्या साहेबांनी तपासलेत."

तपासलेत म्हणे! पत्रा ठोकायच्या मशीनसमोर उभं आयुष्य गेलं त्याचं, आणि तुमची तपासणी काय, तर माणसं ओळीत उभी करायची आणि पाठीमागून खेकसायचं – "काय रे, ऐकू येतं ना?" तो म्हणाला, हो. त्या आवाजाला भिंतसुद्धा हो म्हणाली असती. चला, पुढचा! घरात बायको बोलते तसं बोलून बघितलंत कधी? पण साहेबांचा शब्द म्हणजे त्याला काळ्या दगडावरची रेघ... आणि बायकोचं काय, बायका पुटपुटतातच.

टेपमधली ती त्याला ऐकू येते, कारण तिला बटणं आहेत. तिचा स, तिचा श, हसण्याआधी आत ओढलेला श्वास – सगळं हवं तेवढं वर उचलता येतं. ही जितीजागती समोर आहे, हिला कुठे बटण? सवत असती तर झिंज्या तरी उपटल्या असत्या. स्वतःच्याच आवाजाचं काय उपटायचं?

मग जे सुचलं ते वेडगळच होतं. तो बटणं जेवढी वर नेतो, तेवढीच खाली नेली तर... म्हणजे त्याच्या कानांनी... एकेक करून तिनं उजवीकडची सगळी बटणं तळाला नेली. आवाज गेला नाही, लांब गेला. उशीत तोंड खुपसून कुणी बोलावं तसा – हाडं काढून घेतलेले शब्द, नुसता लगदा. आणि हसू होतं तिथे तर काहीच नाही, एक भोक. म्हणजे मी हसते तेव्हा... म्हणजे स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून इतकी वर्षं मी जे जे म्हणाले, ते त्याच्यापर्यंत...

"बंद का केलंस गं?"

तो दारात, हातात रिकामी बादली. टेप चालू होती. तिला ऐकू येत होती. त्यानं बादली ठेवली, पुढे येऊन स्पीकरवर तळहात टेकवला आणि तसाच राहिला. "चालू आहे की..." परक्या गल्लीत घर शोधणाऱ्याचा चेहरा. "बघा, म्हटलं नव्हतं?" – जिभेवर आलं होतं, पण त्या चेहऱ्याकडे बघून तिनं बटणं वर नेली. खोलीत चिरका, टोकदार आवाज भरला, आणि तो निवला. खुर्चीत बसला. डोळे मिटले.

जेवायला चला, दार लावून घ्या, पाणी गेलंय – ओरडून भागण्यासारखं तेवढंच तर आमच्यात उरलं. बाकीचं ओरडता येत नव्हतं, म्हणून राहूनच गेलं. ती त्याच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली आणि बोलू लागली. हळू, तिच्या नेहमीच्या आवाजात. कुणी ऐकत नसताना माणूस किती धीट होतो! "अहो, तुम्ही इथेच असता... आणि मला तुमची फार आठवण येते हो."

तो हसला.

टेपमध्ये ती पोरगीही तेव्हाच हसत होती... की जरा आधी? तो हसला खरा. कुणाला हसला? कान तुम्ही तपासलेत ना साहेब – मग सांगा. आत्ता सांगा. तिला, की मला?