नमुन्यादाखल

बारामतीच्या कोर्टाजवळ विजयसिंह आणि सुप्रिया यांचं वकिलीचं ऑफिस होतं. विजयसिंह वयानं थोरला भागीदार; नातं नसलं तरी सुप्रिया त्याला दादा म्हणायची. इंदापूरला शाखा काढायचं ठरलं तेव्हा दोन्हीकडच्या तारखा आणि कागद एकाच ठिकाणी दिसावेत म्हणून क्लाउडवरचं सॉफ्टवेअर घ्यायचं होतं. निवडायचं काम सुप्रियाकडं होतं. एक-दोन कंपन्या तिनं नाकारल्यावर एका नव्या कंपनीचा सौरभ डेमो द्यायला आला.

त्यानं भिंतीवरच्या टीव्हीला लॅपटॉप जोडला. सुप्रियानं विचारलं, "आमच्या अशिलांची माहिती कोण कोण बघू शकतं?"

"फक्त तुम्ही, मॅडम. एकदम सेफ," असं म्हणत सौरभनं नमुन्यादाखल एक फाईल उघडली.

पडद्यावर नाव आलं, स्वराली. माहेर वरकुटे. खाली नवऱ्याविरुद्धचा अर्ज, दवाखान्याचे कागद आणि तिच्या पाठीवरच्या वळांचे फोटो. वकील, इंदापूरचे दादासो. स्वराली सुप्रियाच्या बहिणीची मैत्रीण होती. कॉलेजात असताना कितीदा तरी सुप्रियाच्या घरी जेवलेली.

"हे खरं आहे?" सुप्रियानं विचारलं.

"लाइव्ह डेटा आहे, मॅडम. खोट्या डेटावर फील येत नाही."

विजयसिंह खुर्चीत पुढं सरकला. "अरे, ही तर आमच्या कन्हेरी गावची सून. हिच्या नवऱ्याला ओळखतो मी. खाली घे जरा, अजून काय लिहिलंय बघू." चहाचा घोट घेत, हसत तो एकेक फोटो बघत होता.

सुप्रियानं उठून टीव्हीची वायर उपटली.

"दादा, उद्या आपले अशील असेच कुणाच्या तरी भिंतीवर दिसतील."

"दिसले तर दिसले. काम किती सोपं होतंय ते बघ की."

त्याच दुपारी ती इंदापूरला गेली. दादासो डबा खात होते. तिचं ऐकून त्यांनी घास गिळला आणि बोटं वर्तमानपत्राला पुसली.

"व्हय, मीच दिलंय दाखवायला. त्या बदल्यात वरीसभर फुकट वापरायला मिळालंय. नावं झाकतो म्हणालं हुतं. झाकली न्हाईत व्हय?" मग त्यांनी पुन्हा डब्यात हात घातला. "तुमी कशाला एवढं मनावर घेताय, मॅडम? त्या बाईला काय कळतंय?"

त्या खोलीत तिला पाणीही प्यावंसं वाटलं नाही. ती थेट वरकुट्याला गेली. स्वराली गोठ्यात होती. सुप्रियानं काही न लपवता सगळं सांगितलं.

"फोटोबी दाखवलं?"

"हो."

"तितं कोण कोण हुतं?"

सुप्रियानं नावं सांगितली. स्वरालीनं हातातली पेंढी गाईपुढं टाकली. मग म्हणाली, "विजयसिंहराव माझ्या सासऱ्याकडं जेवायला असत्यात. आता गावाला कळंलच."

आणि कळलंच. आठवडा सरायच्या आत कन्हेरीच्या पारावर स्वरालीच्या पाठीची चर्चा होत होती. सुप्रियानं जाब विचारला तेव्हा विजयसिंह मोबाईलवरून नजर न काढता म्हणाला, "विषय निघाला म्हणून बोललो." ते सॉफ्टवेअर त्यानं आदल्याच दिवशी घेऊन टाकलं होतं.

सुप्रियानं आपल्या अशिलांना फोन केले, ज्यांना तिच्याबरोबर यायचं होतं त्यांच्या फायली उचलल्या आणि बाजारपेठेत एक खोली भाड्यानं घेतली. स्वरालीची केसही तिनंच घेतली. दादासोंविरुद्ध बार कौन्सिलकडं करायच्या तक्रारीचा मसुदा तिनं स्वरालीला वाचून दाखवला.

"ह्यात तुमच्या दादांचं नाव न्हाय," स्वराली म्हणाली.

बारा वर्षं सुप्रिया त्या माणसाच्या शेजारच्या टेबलावर बसली होती.

"घाला की," स्वराली म्हणाली.

सुप्रियानं मसुदा पुढं ओढला आणि नाव घातलं.